किनारा सुटल्यावरही चालणारं वाय-फाय : नाथसागरातल्या एका होडीचं प्रकरण

पैठणच्या नाथसागरात गाळ मोजणाऱ्या एका होडीवर छोटा संगणक आहे. त्याला वाय-फाय बसवून देण्याचं हे प्रकरण. मी पैठणला नेटवर्किंगची आणि सीसीटीव्हीची कामं करतो. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सरांनी काम सोपवताना "होडीवरचं वाय-फाय सारखं तुटतंय, तेवढं नीट करून द्या" एवढंच सांगितलं होतं. दुकानात, बंगल्यात, शाळेत वाय-फाय लावणं वेगळं आणि पाण्यावर लावणं वेगळं. फरक कुठे पडतो ते तपशिलात लिहितो आहे. मराठवाड्यात येलदरीपासून मांजरापर्यंत असे जलाशय बरेच आहेत, तिथे हेच काम करणाऱ्याला याचा उपयोग व्हावा.

होडी कशासाठी होती

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. धरणाचं उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ ला झालं. मूळ हिशोबात एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला २१७१ उपयुक्त आणि ७३८ मृत. तेव्हापासून गोदावरी दर पावसाळ्यात गाळ आणून टाकते आहे. जुलै-ऑगस्टात सगळा मराठवाडा पेपरात "जायकवाडी किती टक्के" हे आधी बघतो. ते टक्के प्रत्यक्षात किती पाणी सांगतात, हे तळाशी किती गाळ बसलाय त्यावर ठरतं. त्यामुळे तळ मोजण्याचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं.

महाविद्यालयाचं सर्वेक्षण पैठणच्या बाजूच्या एका पट्ट्यापुरतं होतं. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून पाटबंधारे आणि वनखातं दोघांच्या परवानग्या सरांनी आधीच काढलेल्या होत्या. होडी फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. चालवायला पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात मासेमारी करणाऱ्या घरातले मामा. आकडे बघायला पदव्युत्तर शिकणारी एक विद्यार्थिनी, तिला सगळे ताईच म्हणत.

पद्धत साधी असते. नकाशावर काठापासून काठापर्यंत समांतर रेषा आखतात आणि होडी त्या रेषांवरून चालवतात. तळाकडे तोंड करून बसवलेलं इको साउंडर खोली सांगतं, जीपीएस जागा सांगतं. त्या दिवशीच्या धरणाच्या पातळीतून खोली वजा केली की तळाची उंची निघते. (पूर्ण भरल्यावरची पातळी १५२२ फूट, हा आकडा इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो.) साउंडर आणि जीपीएस दोन्ही एनएमईए ०१८३ या जुन्या सागरी पद्धतीने ओळी पाठवतात. त्या ओळी घ्यायला रास्पबेरी पाय ४ होता, सुरुवातीला म्हटलेला छोटा संगणक तो हाच, पुढे त्याला नुसतं पाय म्हणतो. त्यावर सिग्नल के नावाचा मुक्त सर्व्हर ओळी वाचायचा, साठवायचा आणि ब्राउझरमधून कुणालाही दाखवायचा.

बघणारे दोघं. मामांच्या मोबाइलवर आखलेली रेष आणि होडीची जागा, ताईंच्या टॅबवर खोलीचे आकडे. होडी ताशी सहा किलोमीटरने चालते, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. मामांचा पडदा मिनिटभर गोठला तर होडी रेषेवरून कुठच्या कुठे जाते आणि ती रेष पुन्हा काढावी लागते. मामांनी मला पहिल्याच भेटीत अडचण नेमकी सांगितली : "रेघ दिसती तंवर काम झ्याक हुतंय. रेघ गेली की नुसतं पाणीच पाणी, मग म्या कुनीकडं जावं?"

आधी काय होतं

मी गेलो तेव्हा पाय सरांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला होता. मामांचा मोबाइल आणि ताईंचा टॅबही त्याच हॉटस्पॉटला. काठावर बसून बघितलं की सगळं छान चालायचं, कारण सर जवळच असायचे. सर ज्या दिवशी होडीत बसत नसत त्या दिवशी काठ सुटला की थोड्याच वेळात सगळं बंद. सर होडीत असले तरी फोन आला, बॅटरी वाचवायची सोय चालू झाली, कुणीच जोडलेलं नाही असं समजून हॉटस्पॉट आपोआप मिटला, अशा कितीतरी कारणांनी ते तुटायचं. त्यात नवीन अँड्रॉइडचा हॉटस्पॉट दर वेळी पत्त्यांची (नेटवर्कवर यंत्र ओळखायच्या आकड्यांची) वेगळी मालिका देऊ शकतो. काल पायचा पत्ता एक होता, आज दुसराच. ताई रोज सकाळी तो पत्ता शोधत बसायच्या.

सगळ्यांचा समज होता की रेंज कमी पडते, म्हणून मोठा अँटेना लावू. अँटेनाने हे सुटणारं नव्हतं. साउंडरपासून मामांच्या हातातल्या मोबाइलपर्यंत अंतर जेमतेम तीन-चार मीटर, पण त्या दोघांमधली वाट सरांच्या खिशातून जात होती. होडीवरची माहिती होडीवरच्या माणसाला दाखवायला बाहेरच्या कुणाची गरजच नाही. होडीचं नेटवर्क होडीपुरतं पूर्ण असलं पाहिजे. काठावरचं इंटरनेट आलं तर आलं, गेलं तर गेलं, त्याने होडीवर काही थांबता कामा नये. पुढचा प्रत्येक निर्णय मी याच कसोटीवर घेतला.

दोन रेडिओ का

पायच्या आत वाय-फायची एक चिप असते. तीच चिप स्वतःचं नेटवर्कही पसरवते आणि त्याच वेळी दुसऱ्या राउटरलाही जोडली जाते, असं करता येतं. इंटरनेटवर त्याच्या पुष्कळ कृती आहेत आणि ताईंनी तीच सुचवली होती, एक डोंगल (बाहेरून खोचायचं वाय-फायचं यंत्र) वाचतं म्हणून. मी नको म्हटलं.

एका रेडिओला, म्हणजे अशा एका चिपला, एका वेळी एकच चॅनल (वाय-फायच्या पट्ट्यातला एक क्रमांकाचा भाग) धरता येतो. काठावरचा राउटर ११ वर असेल तर होडीचं नेटवर्कही ११ वरच लागतं, आणि त्या राउटरने चॅनल बदलला की होडीच्या नेटवर्कलाही मुकाट्याने बदलावं लागतं. त्याहून वाईट गोष्ट काठ सुटल्यावर घडते. ओळखीचा राउटर सापडेना झाला की चिप तो शोधायला सगळे चॅनल फिरू लागते. जेवढा वेळ ती शोधात असते तेवढा वेळ स्वतःच्या चॅनलवर नसते. म्हणजे भर पाण्यात, जिथे मामांना रेष सगळ्यात जास्त हवी, तिथेच पडदा अडखळणार.

म्हणून आतली चिप फक्त होडीच्या नेटवर्कला दिली आणि काठासाठी बाहेरून यूएसबी डोंगल लावलं. डोंगल शोधत बसलं तरी बसू दे.

डोंगल निवडताना एकच गोष्ट बघायची, आतली चिप कोणती. ताईंकडे आधीच एक डोंगल होतं, दिसायला दणकट, अँटेना मोठा. पण त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्राम) पायवरच्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात नव्हता, वेगळा उतरवून बांधावा लागायचा. पायची प्रणाली अद्ययावत केली की गाभा बदलायचा आणि ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागायचा. काठावर, उन्हात, मोबाइलच्या इंटरनेटवर हे कोण करणार? त्याऐवजी एआर९२७१ चिपचं डोंगल घेतलं. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, वेगही जास्त नाही, पण त्याचा ड्रायव्हर गाभ्यातच असतो आणि खोचलं की चालू होतं. खोलीच्या ओळी म्हणजे साधा मजकूर, त्याला वेग लागतो किती?

आता दोन्ही रेडिओ २.४ वर आले. आतली चिप ५ गिगाहर्ट्झवर नेता आली असती, आपल्याकडे तो पट्टा २०१८ पासून बराचसा मोकळा आहे. पण मामांचा मोबाइल जुना, त्याला ५ दिसतच नाही. मामांनी मोबाइल बदलावा असं म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. मग होडीचं नेटवर्क चॅनल १ वर, काठावरचा राउटर ११ वर पक्का केला आणि डोंगल लांब यूएसबी वायरीने पायपासून दूर, वर दांड्याला बांधलं. ते निळ्या खाचेत न लावता काळ्या खाचेत लावलं. निळी खाच यूएसबी ३ ची. तिच्यात पेनड्राइव्ह चालू असला की २.४ च्याच पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलेलं आहे, तरी हा दोष लोकांच्या लक्षात येत नाही.

प्रत्यक्ष मांडणी

पायवर बुकवर्म आवृत्तीची प्रणाली होती. इथे एक गोष्ट ठळक सांगतो. २०२३ च्या अखेरीला आलेल्या या आवृत्तीपासून पायचं सगळं नेटवर्क नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्राम सांभाळतो. त्याआधीच्या कृती होस्टएपीडी, डीएचसीपीसीडी हे दुसरे प्रोग्राम आणि हाताने लिहिलेल्या फायली यांच्या आहेत. त्या त्यांच्या काळी बरोबरच होत्या. पण नव्या प्रणालीवर जुनी कृती चढवली की एकाच रेडिओवर दोन मालक होतात, आणि कधी एक जिंकतो तर कधी दुसरा. या पायवर तसंच झालेलं होतं, अर्धी जुनी कृती कुणीतरी करून ठेवलेली. ते निस्तरत बसण्यापेक्षा पायचं मेमरी कार्ड नव्याने लिहिलं.

नव्या कार्डावर पहिलं काम देश भारत निवडणं. तो निवडला नाही तर पाय वाय-फाय बंदच ठेवतो आणि लोकांना वाटतं चिप गेली. दुसरं, नेटवर्कमॅनेजरमध्ये हॉटस्पॉटची जोडणी तयार करून तिची पत्ते वाटण्याची रीत "शेअर्ड" ठेवली. तशी ठेवली की पायचा स्वतःचा पत्ता १०.४२.०.१ होतो आणि जोडणाऱ्या प्रत्येकाला तोच पत्ते वाटतो. तिसरं, जोडणी आपोआप सुरू होण्याची सोय चालू केली आणि वीज वाचवायची सोय बंद केली. ती चालू असली की उत्तर यायला उगीच उशीर होतो.

१०.४२ ची मालिका मी मुद्दाम बदलली नाही. आपल्याकडचे बहुतेक घरगुती राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ची मालिका वापरतात. होडीनेही तीच धरली असती तर काठावरच्या राउटरला जोडल्याबरोबर पायला दोन्ही बाजूंना एकाच मालिकेचे पत्ते दिसले असते. मग कुठला निरोप कुठे द्यायचा हे त्याला कळत नाही.

जोडायला सोपं जावं म्हणून दोन क्यूआर छापले, एक नेटवर्कला जोडणारा आणि दुसरा थेट १०.४२.०.१ वरचं सिग्नल केचं पान उघडणारा. लॅमिनेट करून मामांच्या बाकाच्या आतल्या बाजूला चिकटवले. नावाने पान उघडण्याची सोय असते, पण जुन्या अँड्रॉइडला ती नावं कळत नाहीत. आकडाच खात्रीचा.

नकाशाचंही असंच. ब्राउझरमधल्या नकाशाची पार्श्वभूमी सहसा इंटरनेटवरून येते. भर पाण्यात ती येत नाही आणि पांढऱ्या पडद्यावर एकटी रेष राहते. म्हणून सेंटिनेल-२ उपग्रहाचं १० मीटर तपशिलाचं, फुकट मिळणारं चित्र आधीच तुकडे करून कार्डावर ठेवलं. मामांना काठ, बेटं, झुडपांचे पट्टे दिसले की अंदाज लगेच बसतो.

पहिल्या दिवसांतले दोष

काठावर सगळं चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीचं नेटवर्कच दिसेना. पाय बंद करून चालू केला, दिसलं. पुन्हा केला, गायब. असा येत-जात राहणारा दोष बघितला की माणूस आधी वायरीवर संशय घेतो. मी दोन्ही रेडिओंची नावं प्रत्येक वेळी तपासली आणि कारण सापडलं. लिनक्स वाय-फायला सापडेल त्या क्रमाने डब्ल्यूलॅन० आणि डब्ल्यूलॅन१ अशी नावं देतं. आतली चिप आधी जागी झाली तर ती शून्य, डोंगल आधी जागं झालं तर ते शून्य. हॉटस्पॉट नावाला बांधलेला, त्यामुळे कधी आतल्या चिपवर चढायचा, कधी वर दांड्याला बांधलेल्या डोंगलवर. उपाय म्हणजे जोडणी नावाला न बांधता रेडिओच्या मॅक पत्त्याला, म्हणजे प्रत्येक रेडिओच्या स्वतःच्या कायमच्या क्रमांकाला, बांधायची. होडीचं नेटवर्क आतल्या चिपच्या मॅकला, काठाची जोडणी डोंगलच्या मॅकला. त्यानंतर हा दोष पुन्हा आला नाही.

दुसरा दोष डब्याचा. पाणी उडू नये म्हणून पाय पत्र्याच्या इलेक्ट्रिक डब्यात होता, झाकणाला रबर लावलेलं, काम सुबक. झाकण उघडं असताना मामांच्या मोबाइलवर सगळ्या कांड्या, झाकण लावलं की एक किंवा तीही नाही. आतल्या चिपचा अँटेना पायच्या पाटीवरच असतो, बाहेर काढता येत नाही, आणि पत्रा लहरींना अडवतो. डबा प्लॅस्टिकचा घेतला.

पण प्लॅस्टिकच्या बंद डब्यात उष्णता कोंडते. पाय ८० अंशांपर्यंत तापला की स्वतःचा वेग कमी करतो. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे बाहेरच ४० अंश असतात आणि उन्हातल्या बंद डब्यात त्याहून खूप जास्त. डबा मामांच्या बाकाखाली सावलीत नेला, चिपवर ॲल्युमिनियमची जाडी पाटी बसवली आणि डब्याच्या खालच्या अंगाला बारीक भोकं पाडून आतून जाळी लावली. पाणी वरून येतं, हवा खालून खेळते. मे महिन्यातल्या दुपारी काम नकोच असं सरांनी ठरवलं होतं, ते माणसांसाठीही योग्यच.

तिसरा दोष सगळ्यांत फसवा होता. मामा इंजिन चालू करायचे आणि मिनिटभराने मोबाइल म्हणायचा, नेटवर्क नाही. सगळे वाय-फायला दोष देत होते. मी पायला वीजपुरवठ्याची स्थिती विचारणारी कमांड दिली, उत्तर ५०००० आलं. पाचावर चार शून्य म्हणजे चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलं होतं आणि वेगही कमी करावा लागला होता. इंजिनाचा स्टार्टर आणि पाय एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर. स्टार्टर फिरताना बॅटरी क्षणभर बसते, तिच्यापुढचा १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर हलका, त्यापुढची यूएसबी वायर बारीक आणि लांब. पायला ५ व्होल्टच्या वर पुरवठा हवा, ४.६३ च्या खाली गेला की तो तक्रार करतो आणि आणखी खाली गेला की बंद पडून पुन्हा सुरू होतो. तो मिनिटभर म्हणजे पाय नव्याने सुरू व्हायला लागणारा वेळ होता. पायसाठी वेगळी छोटी बॅटरी, बऱ्यापैकी दणकट कन्व्हर्टर आणि आखूड जाड वायर घातली. वाय-फायच्या एकाही सेटिंगला हात न लावता तो दोष गेला.

वाय-फाय तुटतंय अशी तक्रार आली की मी आता आधी मल्टिमीटर काढतो.

मोबाइलचा हट्ट

हे प्रकरण तांत्रिकदृष्ट्या बारीक, पण माणसांना सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. होडीच्या नेटवर्कला इंटरनेट नसतं. अँड्रॉइड मोबाइल जोडला की तो आधी इंटरनेट तपासतो. नाही सापडलं की "या वाय-फायवर इंटरनेट नाही" असं म्हणून स्वतःहून मोबाइल डेटाकडे वळतो. वर वाय-फायची खूण दिसत राहते, पण पान उघडायला गेलं की तो ते मोबाइल डेटावरून शोधतो, आणि १०.४२.०.१ तिथे कुठून सापडणार? मामांच्या मोबाइलला नेमकं हेच व्हायचं. काठाजवळ मोबाइलला रेंज चांगली म्हणून तिथे बंद, आत गेल्यावर रेंज जाते म्हणून तिथे चालू. मामा म्हणाले, "हे उलटंच हाय बगा, जवळ बंद आन्‌ लांब चालू." त्यांच्या याच वाक्यावरून मला कारण कळलं.

इंटरनेट नसलं तरी जोडलेलं राहू दे आणि पुन्हा विचारू नको, असा पर्याय त्या सूचनेतच असतो. तो एकदा निवडला की मोबाइल ते लक्षात ठेवतो. मामांना तो दाखवला, आणि काम चालू असताना डेटा बंद ठेवायचा असं ठरलं. घरचा फोन डेटा बंद असतानाही येतो, हे त्यांना स्वतः फोन लावून दाखवल्यावर त्यांची काळजी मिटली.

काठ जागेवर राहत नाही

काठाच्या जोडणीचं काम दिवसाच्या शेवटी फायली महाविद्यालयाच्या सर्व्हरवर पाठवणं, एवढंच. काठावर एक शेड होती, तिथे इंटरनेट होतं. शेडजवळच्या खांबावर सुमारे ८ मीटर उंचीवर बाहेर चालणारा राउटर लावला. होडीवरचा डोंगल पाण्यापासून अडीच मीटरवर.

पाण्यावर अडथळे नाहीत म्हणजे रेंज खूप जाणार, असं लोकांना वाटतं. लहरी सरळ रेषेत गेल्या तरी त्यांना रेषेभोवती फुगीर मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झवर एक किलोमीटर अंतराला तिची मधली त्रिज्या सुमारे ५.६ मीटर, चार किलोमीटरला ११ मीटरच्या वर. त्यातला साठ टक्के भाग तरी मोकळा हवा. ८ आणि अडीच मीटरच्या मधोमध रेषेची उंची येते सव्वापाच मीटर. एक किलोमीटरला लागतात ३.४, म्हणजे भागतं. चार किलोमीटरला लागतात पावणेसात, म्हणजे पाणी आडवं येतं. शिवाय सपाट पाण्यावरून परत फिरलेली लहर सरळ आलेल्या लहरीला खोडते, आणि होडी थोडी हलली की चित्र बदलतं. म्हणून काठाचा हिशोब एक किलोमीटरच्या आतच धरला.

पण नाथसागराचा काठ एका जागी राहत नाही. जलाशय पसरट आणि उथळ. पाणी उतरू लागलं की काठ दूर सरकत जातो आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेरा करतात. हिवाळ्यात शेडच्या पायथ्याशी लागणारी होडी उन्हाळ्यात लांब दुसरीकडे लावावी लागते, मध्ये चढ-उतार आणि उभी पिकं. खांब कुठेही रोवला तरी तो वर्षातल्या काही महिन्यांपुरताच कामाचा.

तेव्हा शेडचा राउटर ही एक सोय, एकमेव नाही. नेटवर्कमॅनेजरमध्ये डोंगलसाठी दोन ओळखी नोंदवल्या. पहिलं प्राधान्य शेडला, दुसरं ताईंच्या मोबाइल हॉटस्पॉटला. होडी जिथे लागेल तिथे ताई हॉटस्पॉट चालू करतात आणि पाय स्वतःहून जोडून उरलेल्या फायली पाठवतो. पाठवणं आरसिंक या प्रोग्रामने, म्हणजे मध्येच तुटलं तर गेलेल्या फायली पुन्हा जात नाहीत. कुठलंच नेटवर्क नसेल तर फायली कार्डावर राहतात, दुसऱ्या दिवशी जातात. तळाला घाई नसते.

याच टप्प्यावर घड्याळाची अडचण निघाली. पाय ४ ला बॅटरीवर चालणारं स्वतःचं घड्याळ नाही. तो इंटरनेटवरून वेळ घेतो, आणि ते नसलं तर शेवटचा बंद झाला तेव्हाची वेळ धरून पुढे मोजतो. आधी हॉटस्पॉटवरून वेळ मिळत होती म्हणून हे कुणाला जाणवलं नव्हतं. आता भर पाण्यात लिहिलेल्या फायलींवर आदल्या दिवशीची तारीख येऊ लागली. पाण्याची पातळी रोजची वेगळी असते, तारीख चुकली तर खोलीतून तळाची उंचीही चुकणार. होडीवर जीपीएस होतंच आणि उपग्रह वेळ सांगतच असतात. क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला जीपीएसवरून वेळ घ्यायला सांगितलं आणि वेळ बसल्याशिवाय नोंद सुरू होऊ नये अशी अट घातली. उघड्या आभाळाखाली यात फारसा वेळ जात नाही. मामा इंजिन गरम करतात तोवर काम होतं.

हाती देताना

पासवर्ड सरांना सोपा हवा होता, मी तो बऱ्यापैकी लांब ठेवला. क्यूआर असल्यावर कुणाला टाइप करायचा नाही, आणि काठावर लावलेल्या होडीचं नेटवर्क आजूबाजूलाही दिसतं. सिग्नल केला बदल करण्यासाठी वेगळं लॉगिन ठेवलं. मामांच्या मोबाइलवरून बघता येतं, काही पुसलं जात नाही. पाय बंद करायला डब्याच्या बाजूला बटण दिलं, कारण थेट बॅटरी काढली की कार्ड खराब होण्याची भीती असते. बटण दाबल्यावर दिवा विझेपर्यंत थांबायचं, हे मामांनी पहिल्याच वेळी उचललं.

जोडण्यांच्या सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये असतात. त्यांच्यासकट पूर्ण कार्डाची नक्कल करून दुसरं कार्ड डब्यातच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. कार्ड बिघडलं तर बदलून होडी त्याच दिवशी निघू शकते. मात्र पायच बदलावा लागला तर ही नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. नव्या पायच्या आतल्या चिपचा मॅक पत्ता वेगळा असेल, आणि होडीचं नेटवर्क आपण जुन्या मॅकला बांधलंय, त्यामुळे ते सुरूच होणार नाही. डोंगल बदललं तर काठाच्या जोडणीचंही तसंच. तेव्हा कुठल्या फायलीतली कुठली ओळ बदलायची ते आणि दोन्ही मॅक पत्ते एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून झाकणाच्या आतून चिकटवले. ताईंकडून ती ओळ माझ्यासमोर एकदा मुद्दाम चुकीची करून घेतली, पाय पुन्हा सुरू केला, आणि होडीचं नेटवर्क अपेक्षेप्रमाणे आलं नाही. मग त्यांनीच ती परत बरोबर करून नेटवर्क आणलं. पुढच्या वर्षी ताई शिकून बाहेर पडतील, म्हणून हेच काम त्यांनी खालच्या वर्षाच्या मुलाकडून करून घ्यायचं असं सरांशी ठरलंय.